इंदू आत्याचा अंगठा

आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक निळी फाइल आहे. तिच्यात माझ्या गुणपत्रिका आहेत, पदवीचं प्रमाणपत्र आहे, आणि त्या प्रमाणपत्राच्या मागे एक कागद आहे — पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा, पिवळा पडलेला. तो तिथे का आहे हे कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, बाबांना नाही. ज्या बाईचा तो कागद, तिला मी तो एकदा दाखवला — पण तेव्हाही खरं सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे माझ्या तोंडून कधी निघालं नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

कुठून सुरुवात करू? कागदापासूनच केली तर लवकर उरकेल. पण तो कागद कुणाचा हे कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही. म्हणून आधी इंदू आत्या.

इंदू आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा खानदेशातून रेल्वेत खलाशी म्हणून इकडे उज्जैनला आले. लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्यानं टाकलेली आत्या त्यांच्या मागोमाग आली. पुढे बाबांची बदली नागद्याला झाली, आत्या मात्र उज्जैनमध्येच राहिली, कारण तोवर तिला भैरवगढला काम मिळालं होतं. भैरवगढला लाकडी ठशांनी कापड छापतात. छापलेलं कापड नदीवर नेऊन दगडावर आपटून आपटून धुवावं लागतं, फाजील रंग निघून जाईपर्यंत. आत्यानं उभं आयुष्य तेच केलं. थंडीतसुद्धा गुडघाभर पाण्यात. तिच्या नखांच्या कडा कायम काळसर-लाल असायच्या. लहानपणी मला वाटायचं, आत्याची नखं अशीच आहेत, जन्मापासून.

मी शिकले नागद्याच्या सरकारी शाळेत, हिंदीत. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. कॉलेजसाठी उज्जैनला आले आणि आत्याच्या एका खोलीत राहिले. माझा डबा करून मग ती घाटावर जायची. संध्याकाळी म्हणायची, "मोठ्यानं वाच गं, मला पण कळू दे ना." मी राज्यशास्त्र वाचायची. तिला त्यातलं काही कळत नसे, पण मध्येच थांबले की म्हणायची, "रुकू नको, चांगलं चाललंय." तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मराठी मंडळाच्या वाचनालयात मला पहिल्यांदा तीच घेऊन गेली. तिथल्या काकांना म्हणाली, "हिची मराठी हिंदीसारखी होऊन राहिलीय, जरा सुधारा." आज मी हे जे मराठी लिहिते आहे ना, ते तिथलं आहे. म्हणजे तिचंच आहे.

आता तिची गोष्ट. तिची एकच गोष्ट होती, आणि आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ होती.

आत्या तरुण असताना, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, भैरवगढला सरकारी फिल्मवाले आले होते. छपाईवर फिल्म काढायला. त्यांच्यातला एक माणूस, डोक्यावर रुमालाला चार गाठी मारून बांधलेला, कॅमेरा घेऊन पाण्यात उतरला आणि आत्याला म्हणाला, कापड आपटा. तिनं आपटलं. तो म्हणाला, पुन्हा एकदा, बाई. तिनं पुन्हा आपटलं. असं अकरा वेळा. अकराव्या वेळी ते कापडच फाटलं आणि मालक ओरडला. मग त्यांनी तिला एका कागदावर अंगठा द्यायला लावला, आणि ती फिल्म दिल्लीला गेली.

एवढीच गोष्ट. पण त्या काळी थिएटरात पिक्चरच्या आधी सरकारी माहितीपट दाखवायचे. त्यात आपण कधीतरी येऊ म्हणून आत्या वर्षानुवर्षं पिक्चरला जायची — आणि माहितीपट संपून पिक्चर सुरू झालं की उठून घरी यायची. दारावरचा माणूस म्हणायचा, "अम्मा, असली पिच्चर तो अब चालू हुई है." ही म्हणायची, "मेरी नहीं थी." तिची कधीच लागली नाही. हळूहळू ते माहितीपट दाखवणंही बंद झालं.

मधू काका, बाबांचे धाकटे भाऊ, तिला हिरोईन म्हणायचे. दिवाळीला सगळे जमले की सुरुवात तिथूनच. "काय हिरोईन, आज शूटिंग नाही का?" "अक्का, त्या चार गाठीवाल्यानं तुलाच बरी निवडली!" आत्या चिडायची नाही. म्हणायची, "हसा. मी काय झूठ बोलते का? मला आठवतं ना सगळं." मीही हसायची. लहान होते म्हणू का? कॉलेजात असतानाही हसले आहे मी.

कॉलेज संपल्यावर मला नोकरी लागली ती नेमकी अशाच ठिकाणी. जुने सरकारी माहितीपट जपून ठेवणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. नाव लिहीत नाही, कारण या सगळ्यात चूक तिची नाही. आमच्या भागात झालेल्या चित्रीकरणाचे डबे आणि कागद उज्जैनमध्ये एका गोदामात पडून होते. त्यांची यादी करायला संस्थेनं शहरातल्याच नानाखेड्याला एक मजला भाड्यानं घेतला आणि तिथे चार माणसं करारावर नेमली. त्यातली एक मी.

मुलाखत घ्यायला मुख्य कार्यालयातून नीलिमा मॅडम आल्या होत्या. पुढे त्याच आमच्या प्रमुख झाल्या. पुण्याच्या, शांत बोलणाऱ्या. माझी मराठी ऐकून त्यांना नवल वाटलं. "नागद्याच्या हिंदी शाळेत शिकून इतकं स्वच्छ मराठी? घरी कोण आहे शिकलेलं?"

मी म्हणाले, "माझी आत्या. ती शिक्षिका होती. तिनंच वाचायला लावलं मला."

का म्हणाले? वाचायला तिनंच लावलं होतं, हे खरं. मग "शिक्षिका" हा शब्द कुठून आला? तो मी घरून ठरवून नेला नव्हता. समोर तीन शिकलेली माणसं बसली होती, काचेचे पेले होते, आणि तो शब्द आपोआप आला — इतका सहज, की मला त्याची भीतीही वाटली नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं. आत्याकडे माझ्यासमोर कुणी असं कौतुकानं पाहिलेलं ते पहिल्यांदाच, आणि ती तिथे नव्हतीच. दुसरीच कुणी बाई होती.

मॅडम चांगल्या होत्या. फार चांगल्या. टेबलावर बसून काम कसं करायचं, जुना कागद कोपऱ्यातून न धरता तळव्यावर कसा उचलायचा, हे सगळं त्यांनीच शिकवलं. कुणी पाहुणे आले की माझी ओळख करून द्यायच्या: "ही वैशाली. शिक्षिका आत्याच्या हाताखाली तयार झालेली." दर वेळी मी मान खाली घालायची, आणि लोकांना तो विनय वाटायचा. एकदा म्हणाल्या, "आत्यांना घेऊन ये ना ऑफिसात, मला भेटायचंय." मी म्हणाले, ती खंडव्याला असते. आत्या तेव्हा ऑफिसपासून टेम्पोनं वीस मिनिटांवर होती.

आमचं काम सांगते, कारण माझा गुन्हा त्या कामातच आहे. प्रत्येक चित्रीकरणाच्या तीन वस्तू असायच्या. फिल्मचा डबा, कोणत्या दृश्यात काय आहे ते लिहिलेलं कार्ड, आणि त्या दृश्यात जो माणूस जवळून दिसतो त्याची संमतीची चिठ्ठी. त्या जुन्या लोकांची शिस्त मोठी होती. हार गुंफणारा माळी असो की नावाडी, नाव, काम, ठिकाण लिहून सही नाहीतर अंगठा घेतल्याशिवाय ते हलत नसत. या तिन्ही वस्तू एकमेकींशी जुळवायच्या आणि यादीत लिहायचं, हे आमचं काम. चिठ्ठी नसेल तर डब्यावर लाल गोल कागद चिकटवायचा. फिल्म बघायच्या टेबलावर बसणारे फरीदभाई त्याला बिंदी म्हणायचे. बिंदी लागली की तो भाग लोकांना दाखवायचा नाही, मुख्य कार्यालयात बंद ठेवायचा. नियम चांगलाच होता. ज्यानं हो म्हटलेलं नाही त्याला पडद्यावर का न्यावं?

एका दुपारी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात मला ती सापडली.

"नाव: इंदूबाई. काम: छपाईचे कापड धुणे. ठिकाण: भैरवगढ घाट. शिक्षण: नाही. ओळख: भाऊ रामदास सोनवणे, खलाशी, रेल्वे." आणि खाली अंगठा. निळा, अगदी स्पष्ट, एकेक रेघ मोजता येईल असा.

मी काय सांगू तुम्हाला? पहिला क्षण आनंदाचा होता. तो खरोखर होता, त्याची शपथ घेईन. मला वाटलं ओरडावं — आत्या, होतं गं, सगळं होतं! कार्ड शोधलं. कार्डावर लिहिलं होतं: "बाई कापड आपटताना. अकरा वेळा घेतले. शेवटच्या वेळी कापड फाटले." अकरा. तिनं एक आकडासुद्धा वाढवून सांगितला नव्हता.

आणि मग मी पुन्हा "शिक्षण: नाही" वाचलं. मग "रामदास सोनवणे". रोज सकाळी हजेरीच्या वहीत मी काय लिहायची? वैशाली रामदास सोनवणे. मॅडम रोज ती वही बघायच्या. त्याच महिन्यात आमचे करार वाढणार होते. पण खरं सांगायचं तर मला नोकरीची भीती वाटली नाही. खोटं बोलल्याबद्दल मॅडमनी मला काढलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मला भीती वाटली ती त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक जाईल याची. तेवढ्याचसाठी.

मी चिठ्ठी घडी न घालता — हो, मॅडमनी शिकवलं होतं तसं, तळव्यावर अलगद उचलून — माझ्या वहीत ठेवली आणि वही पिशवीत.

दुसऱ्या दिवशी फरीदभाईंनी तो डबा टेबलावर लावला. हातानं चाक फिरवत ते दृश्य पुढे नेत होते, मी बाजूला यादी घेऊन बसले होते. छोट्याशा काचेवर नदी आली, दगड आला, आणि आत्या आली. माझ्यापेक्षाही लहान. फरीदभाई म्हणाले, "ये कौन हैं, चिट्ठी देखना."

"चिट्ठी नहीं है."

"कार्ड पे तो निशान है. ली थी चिट्ठी."

"गठ्ठे में नहीं मिली."

त्यांनी चाक थांबवलं. चिठ्ठ्या गोदामातून मोजून आणायचं काम त्यांचं होतं. "रास्ते में गिरी क्या मुझसे?" ते स्वतःशीच म्हणाले. दोन दिवस त्यांनी ते सगळे गठ्ठे पुन्हा उघडून पाहिले, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. मी समोर बसून पोळी-भाजी खात होते. शेवटी मॅडम त्यांना म्हणाल्या, "फरीदभाई, आपसे ऐसी उम्मीद नहीं थी." ते म्हणाले, "गलती मेरी ही होगी, मैडम." मग त्यांनी डब्यावर बिंदी लावली, आणि यादीत मी टाइप केलं: "अनोळखी स्त्री, कपडे धुताना. संमती गहाळ. प्रदर्शनास अयोग्य."

अनोळखी. हा शब्द मी माझ्या हातानं टाइप केला. जिच्या हातचा जेवणाचा डबा माझ्या पिशवीत होता तिच्यासाठी.

इथेच थांबलं असतं तर कदाचित हे मी लिहिलं नसतं. माणूस चोरी विसरू शकतो, असं मला आता वाटतं. पण पुढे जे झालं ते विसरता येत नाही.

यादीचं काम संपत आलं तेव्हा संस्थेनं ठरवलं, उज्जैनच्या लोकांना त्यांची जुनी फिल्म दाखवायची. फ्रीगंजमध्ये एक हॉल घेतला. चिठ्ठ्यांवरून माणसं शोधून काढली. रामघाटावरचे एक नावाडी सापडले, एक टांगेवाले, ठसे कोरणारे एक म्हातारे कारागीर. त्यांना शाल देऊन मंचावर बसवायचं होतं. पेपरात बातमी आली. नागद्याहून बाबांनी ती फोनवर आत्याला वाचून दाखवली: भैरवगढच्या छपाईची फिल्म.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर आत्या दारातच उभी. "तुझ्याच ऑफिसची ना गं? मला का नाही बोलली?" मी म्हणाले, तुला सरप्राइज द्यायचं होतं. म्हणजे तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणाले? त्या वाक्यानं मी तिला खात्री दिली की ती दिसणार आहे.

ती भैरवगढचीच छापील साडी नेसून आली. मधू काका, काकू, त्यांच्या सुना — सगळ्यांना तिनं बोलावलं होतं. इतक्या वर्षांच्या थट्टेचा हिशेब आज फिटणार होता ना. मी त्यांना अगदी मागच्या रांगेत बसवलं. नेमक्या मॅडम तिथून गेल्या. थांबल्या. आत्याच्या साडीकडे पाहून म्हणाल्या, "किती सुंदर छपाई आहे! वैशाली, या कोण?"

मी म्हणाले, "आमच्या शेजारच्या आहेत."

आत्या माझ्यापासून एका हातावर बसली होती. काका पाणी आणायला गेले होते, त्यांनी ऐकलं नाही. तिनं ऐकलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मॅडमना हात जोडले आणि म्हणाली, "हो बाई, शेजारीच राहते मी. फार गुणी पोर आहे तुमची ही."

पटकन म्हणाली. जसं काही आम्ही दोघींनी घरून ठरवून आणलं होतं.

मग अंधार झाला आणि फिल्म सुरू झाली. ठसे आले, रंगाच्या कढया आल्या, छापणाऱ्यांचे हात आले. तो म्हातारा कारागीर तरुणपणी दिसला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नदी आली. मला ठाऊक होतं, कुठे काय आहे. आत्या पुढे सरकून बसली, समोरच्या खुर्चीची पाठ धरून. नदीचं पाणी — आणि एकदम वाळूत वाळत घातलेली कापडं. मधलं काही नव्हतंच. पुढचं दृश्य रामघाटाचं, नावाडी, टाळ्या. आत्यानं खुर्ची सोडली नाही. शेवटपर्यंत तशीच बसून होती. दिवे लागल्यावर तिनं विचारलं, "संपली?"

मधू काका म्हणाले, "अक्का, हिरोईनचा सीन सेन्सॉरनं कापला वाटतं!" सगळे हसले. ती पण हसली.

घरी जाताना टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली होती. नानाखेड्याच्या चौकात टेम्पो अडकला तेव्हा म्हणाली, "दुसरीच कोणी असेल. मी बघत उभी राहिली असेन काठावर, आणि मनात धरून बसले." मी तिला "शेजारच्या" म्हणाले त्याबद्दल एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

त्यानंतर तिनं ती गोष्ट कधी सांगितली नाही. पुढच्या दिवाळीला काकांनी सवयीनं म्हटलं, "काय हिरोईन?" तर ती म्हणाली, "जाऊ दे रे मधू, तो माझा भ्रम होता." काकांना कसंसंच झालं. तेव्हापासून त्यांनीही चिडवणं बंद केलं. जिला आपलं सगळं आठवतं असं ती ठासून सांगायची, ती बारीकसारीक गोष्टीतही विचारायला लागली — गॅस मी बंद केला होता ना गं? चावी मीच दिली होती ना तुला? लोक म्हणाले, वय झालं. झालं असेल. पण सुरुवात कधी झाली हे मला माहीत होतं. आजही तिथे बोट ठेवून दाखवता येईल.

ते ऑफिस बंद झालं. डबे ट्रकमधून मुख्य कार्यालयाकडे गेले. मॅडमनी दिलेल्या शिफारसपत्रावर मला एका कॉलेजच्या ग्रंथालयात कायमची नोकरी लागली. त्या पत्रात "अत्यंत विश्वासू" असं लिहिलेलं आहे. तेही त्याच निळ्या फाइलीत आहे.

शेवटी एकदा मी कागद बाहेर काढला. आत्या तेव्हा आमच्याकडेच राहायला आली होती, थकली होती. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघीच. मी तिच्यासमोर चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, "आत्या, हे बघ. जुन्या कागदांत आता सापडलं. तुझं नाव आहे. तू होतीस फिल्ममध्ये."

आता सापडलं. बघितलंत? कबूल करायला बसले आणि पहिल्याच वाक्यात पुन्हा तेच.

तिनं कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला, सुलटा केला. "इथे माझं नाव लिहिलंय असं तू म्हणतेस."

"हो."

"मला तर वाचता येत नाही." मग तिचं लक्ष अंगठ्याकडे गेलं. तेवढंच एक तिला वाचता येणारं होतं. म्हणाली, "शाई आण."

मी ग्रंथालयाच्या शिक्क्याचं पॅड आणलं. तिनं अंगठा दाबला आणि कोऱ्या कागदावर ठेवला. उचलला तर खाली नुसता जांभळा डाग. एकही रेघ नाही. पुन्हा केला, जोर देऊन. पुन्हा डागच. इतकी वर्षं दगडावर, पाण्यात, रंगात — अंगठ्यावर काही उरलंच नव्हतं. चिठ्ठीवरचा तो स्पष्ट, रेघारेघांचा ठसा आणि हा सपाट डाग, दोन्ही शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली.

"नाही गं," ती म्हणाली. "हा माझा नाही."

"आत्या, तुझाच आहे. सच्ची."

"माझं मन राखायला कुठून करून आणलंस इतकं?" ती हसली. मला जवळ ओढून घेतलं. "शिकलेली पोर माझी. झूठसुद्धा किती सुंदर लिहिते."

तिला पटेल असं एक वाक्य माझ्याजवळ होतं. आत्या, हा कागद त्या कार्यक्रमाच्या आधीपासून माझ्याकडे आहे, मी तो चोरला होता, म्हणून तू पडद्यावर आली नाहीस. एवढं म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता. असं स्वतःवर कोण रचून घेतं? तिला तिची गोष्ट परत मिळाली असती. ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. तिचा हात माझ्या पाठीवर होता. मी ते बोलले नाही. म्हणाले, "चहा टाकू का?"

गेल्या हिवाळ्यात ती गेली. बाराव्याला मधू काका म्हणाले, "अक्काला त्या फिल्मचं फार वेड होतं रे." आणि रडले. मी पानं वाढत होते. फरीदभाई अजून उज्जैनमध्येच आहेत, कधी बाजारात भेटतात, मुलांची चौकशी करतात. त्यांनाही मी सांगितलेलं नाही. मुख्य कार्यालयाला एक पत्र लिहून चिठ्ठीसोबत पाठवलं तर डब्यावरची बिंदी निघेल आणि यादीतला शब्द बदलेल. ते पत्र मी चार वेळा लिहिलं. पाठवलेलं नाही.

त्या डब्यातलं दृश्य फरीदभाई आणि मी सोडून आमच्या काळात कुणी पाहिलेलं नाही. त्यांना ती कोण ते माहीत नव्हतं. म्हणजे तिला ओळखून पाहिलेली मी एकटीच. ते असं आहे: सकाळचं ऊन आहे. गुडघाभर पाण्यात एक तरुण बाई उभी आहे, पदर कमरेला खोचलेला. ती दोन्ही हातांनी कापड डोक्यावर नेते आणि दगडावर आपटते. पुन्हा नेते. अकरा वेळा. अकराव्या वेळी कापड मधोमध फाटतं, ती दचकते, मग हसायला लागते. हसत हसत कॅमेऱ्याकडे वळते, फाटलेलं कापड वर करून दाखवते आणि काहीतरी विचारते. तिचे ओठ हलताना दिसतात. त्या फिल्मला आवाज नाही.